पहाडी तळ्याच्या स्लाइड्स: शिखर पांढरं, काठ काळा, उरलेलं निळं

लडाख किंवा स्पीतीहून परतल्यावर स्लाइडचे (धुतल्यावर थेट खऱ्या रंगाचं चित्र देणाऱ्या फिल्मचे) रोल धुऊन आले की तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. शिखरावरच्या बर्फात तपशील नाही, तिथे फिल्म नुसती पारदर्शक. काठावरचे गोटे काळे ठिक्कर. सावलीतलं सगळं निळं, आभाळ वरच्या कोपऱ्यात जवळजवळ काळं, पहाटेच्या फ्रेमवर हिरवट झाक. या सगळ्यावर सल्ला मात्र एकच मिळतो: ब्रॅकेटिंग करा, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम काढा. अर्धा स्टॉप वर, अर्धा खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), एक तरी बरी येईल.

ती येत नाही. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला दिलेला उजेड, चुकलं असेल तर ब्रॅकेटिंगचा उपयोग. पण डोंगरातल्या तळ्यावर पुष्कळदा एक्स्पोजर चुकलेलंच नसतं, उजेडाची तफावत फिल्मच्या आवाक्याबाहेरची असते. अशा वेळी तीन फ्रेम काढल्या की तीन तऱ्हांनी बिघडलेल्या तीन स्लाइड्स मिळतात आणि छत्तीसचा रोल बारा दृश्यांत संपतो. स्लाइडच्या रोलची आजची किंमत आणि ई-६ (स्लाइड धुण्याची प्रक्रिया) करणाऱ्या लॅबची टंचाई पाहता ही चैन कुणाला परवडणार?

आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा

स्कॅन बघून निदान करू नका. स्लाइडच्या गडद भागाची घनता (फिल्म किती उजेड अडवते त्याचं माप) साडेतीनच्या पुढे जाते आणि घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर तिथपर्यंत पोचता पोचता दमतो. काळा दिसणारा काठ कधी कधी फक्त स्कॅनमध्येच काळा असतो. स्लाइड लाइटबॉक्सवर ठेवून, लूप (डोळ्याला लावायचं छोटं भिंग) लावून बघितली की गोटे दिसायला लागतात. दिसले, तर स्कॅनिंग सुधारा, फोटोग्राफीला हात लावू नका. लाइटबॉक्स नसेल तर मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर काम भागवता येतं. तपशील आहे की नाही हे त्यावर कळतं, रंग मात्र त्यावर ठरवू नये.

मग फ्रेमच्या बाहेरची कड पाहा. स्लाइड फिल्मवर जिथे उजेड पडलाच नाही, तो भाग धुतल्यावर गच्च काळा होतो. कड तशी काळी असेल आणि तिच्यावर कंपनीनं छापलेले आकडे स्वच्छ असतील, तर लॅबवर राग काढण्यात बहुधा अर्थ नाही. काळ्याऐवजी कड तपकिरी, हिरवट किंवा धुरकट असेल, तर गोष्ट वेगळी: धुलाईत गडबड, जुनी फिल्म, गाडीच्या डॅशबोर्डवर भाजलेला रोल किंवा विमानतळावरचं एक्स-रे यंत्र. अशा वेळी पुढचं काहीच लागू नाही.

तिसरी गोष्ट, पूर्ण रोल सलग मांडून बघा. सगळ्या फ्रेम सारख्याच फिक्या किंवा सारख्याच गडद असतील तर आयएसओची (फिल्मच्या वेगाची) चकती चुकीच्या आकड्यावर राहिलेली असते, नाहीतर कॅमेऱ्याचं मीटर सरकलेलं असतं. सावलीतल्या गवताचे फोटो बरे आणि तळ्याचेच वाईट असतील, तर पुढे वाचा.

कोरझोकची संध्याकाळ, आकड्यांत

लडाखमधल्या त्सो मोरिरी तळ्याचं उदाहरण घेतो, कारण हा गुंता तिथे अगदी स्वच्छ दिसतो. तळं सुमारे ४,५०० मीटरवर, उत्तर-दक्षिण पसरलेलं. कोरझोक गाव पश्चिम काठाला, गावाच्या पाठीशी मेंतोकची रांग. समोर, पाण्यापलीकडे पूर्वेला, लुंगसेर कांगरी आणि चामसेर कांगरी, दोन्ही ६,६०० मीटरच्या वर. म्हणजे गावातून पाहिलं तर सकाळचा सूर्य समोरून डोळ्यांत, आणि संध्याकाळी तो मेंतोकच्या मागे जातो. समोरची शिखरं तेव्हा सोन्यासारखी झळकत असतात, पण तुम्ही, तुमचा ट्रायपॉड आणि पायाजवळचे गोटे केव्हाच सावलीत गेलेले असतात. सगळ्यांना फोटो याच वेळचा हवा असतो.

आता मोजू. फिल्म व्हेल्विया ५० (फुजीची, आयएसओ ५०), भिंग एफ/१६ वर, म्हणजे छिद्र बारीक. स्पॉट मीटरनं (दृश्याचा लहानसा तुकडा मोजणाऱ्या मीटरनं) समोरचं उन्हातलं बर्फ मोजलं तर १/१२५ सेकंद, म्हणजे एवढ्या वेळात ते मधल्या, राखाडी टोनचं येईल. उन्हातला तपकिरी उतार १/३०. सावलीतले काठचे गोटे १/४. बर्फापासून गोट्यांपर्यंत पाच स्टॉप झाले. व्हेल्वियावर मधल्या टोनच्या वर साधारण दोन स्टॉप आणि खाली जेमतेम अडीच स्टॉप तपशील टिकतो, तोही काठाकाठानं. उताराला मधला टोन धरून १/३० दिलं, तर बर्फ दोन स्टॉप वर बसतं आणि वाचतं. पण गोटे तीन स्टॉप खाली जातात, म्हणजे गेलेच. गोट्यांसाठी १/८ दिलं तर गोटे छान, आणि बर्फ चार स्टॉप वर, म्हणजे फिल्मवर भोक पडल्यासारखं. मधलं १/१५ दिलं तर बर्फही जातं आणि गोटेही धड येत नाहीत. कॅमेऱ्याचं सरासरी मीटर नेमकं हेच मधलं काहीतरी देतं. ब्रॅकेटिंगनं तुम्ही याच तीन आकड्यांवर फिरत राहता.

ही तफावत कमी करायचा रस्ता म्हणजे ग्रॅड फिल्टर: अर्धा स्वच्छ, अर्धा राखाडी. दोन स्टॉपचा घ्या, त्यावर ०.६ लिहिलेलं असतं. राखाडी भाग डोंगरावर, स्वच्छ भाग काठावर, आणि एक्स्पोजर १/८. गोटे आता फक्त एक स्टॉप खाली. बर्फ चार स्टॉप वर होतं, त्यातले दोन फिल्टरनं खाल्ले, म्हणजे दोन स्टॉप वर. उतार बरोबर मध्ये. एकच फ्रेम, आणि तिच्यात सगळं. डोंगरात ३५ मिलिमीटरच्या स्लाइड फिल्मवर आयुष्य काढलेल्या गॅलन रोवेलनं सिंग-रे कंपनीकडून आपल्या नावाचे ग्रॅड बनवून घेतले ते याच अडचणीपायी.

एक्स्पोजर ठरवताना मोजमाप फिल्टर न लावता करायचं. फिल्टर लावून कॅमेऱ्याच्या मीटरला विचारलं तर ते पुन्हा आपली सरासरी काढून बसतं आणि फिल्टरनं मिळवलेलं घालवतं. हातात वेगळं स्पॉट मीटर नसेल तर लांब भिंग लावा, १३५ किंवा २०० मिलिमीटरचं. कॅमेऱ्याचं साधं मधल्या भागाला झुकतं माप देणारं मीटरही त्यातून एकेक तुकडा वेगळा मोजू शकतं. आकडे वहीत लिहा आणि मग वाइड भिंग चढवा. वेळखाऊ आहे, पण त्या उंचीवर धावपळ कुणी करू नयेच.

फिल्टरची रेघ कुठे ठेवायची? बहुतेक जण ती पलीकडच्या काठावर ठेवतात, आणि मग डोंगराच्या पायथ्याशी एक विचित्र काळपट पट्टा येतो. रेघ काठावर नाही, सावलीच्या कडेवर हवी. मेंतोकची सावली आधी आपल्या काठावर पडते, मग पाण्यावरून पूर्वेला सरकते, पलीकडचा काठ गाठते आणि तिथून समोरच्या उतारावर चढू लागते. ती पलीकडच्या काठाला टेकते तेव्हा थोडा वेळ सावलीची कड आणि किनाऱ्याची रेघ एकच असतात. तेवढ्या वेळात ग्रॅड सगळ्यात नीट बसतो. त्याआधी अर्धं पाणी उन्हात असतं, त्यानंतर पायथा अंधारात. फ्रेम आधीच ठरवून या क्षणाची वाट पाहण्यात शहाणपण आहे. तोवर चहा घ्यावा.

रेघ बघताना डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण दाबून भिंग एफ/१६ वर आणा. उघड्या ॲपर्चरवर (भिंगाचं छिद्र पूर्ण मोठं असताना) रेघ इतकी पसरट दिसते की ती आहे की नाही तेच कळत नाही. प्रत्यक्ष फोटोत ती कितीतरी ठळक उमटते. वाइड भिंगावर तर फारच.

प्रतिबिंब डोंगरापेक्षा उजळ आलं तर

ग्रॅड मिळाला की माणूस आगीतून फुफाट्यात पडतो तो इथे. वारा पडलेला, पाणी आरशासारखं, आणि स्लाइडवर पाण्यातला डोंगर खऱ्या डोंगरापेक्षा उजळ. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

पाणी सगळा उजेड परत देत नाही. सरळ वरून पाहिलं तर जेमतेम २ टक्के. नजर पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ६ टक्क्यांच्या आसपास, २० अंशांना १३, १० अंशांना साधारण ३५, आणि ५ अंशांना ५८. स्टॉपच्या भाषेत, पाण्याशी अगदी बसून पाहिलं तर प्रतिबिंब डोंगरापेक्षा पाऊण ते एक स्टॉप गडद, उंचावर उभं राहून पाहिलं तर दीड-दोन किंवा जास्तच. वरच्या उदाहरणात उतार १/३० होता, त्याचं बसून दिसणारं प्रतिबिंब १/१५ च्या आसपास येईल. १/८ आणि दोन स्टॉपचा ग्रॅड दिला की खरा उतार मध्यावर आणि त्याचं प्रतिबिंब एक स्टॉप वर. निसर्गात असं कधी होत नाही.

म्हणून आरसा हवा असेल तर एक स्टॉपचा ग्रॅड, ०.३ चा, त्याहून जास्त नाही. तेवढ्यानं गोटे वाचणार नाहीत. मग गोटे चौकटीतून काढा. आरसा आणि काठ दोन्ही एका फ्रेममध्ये हवेत हा हट्ट सोडणं, या संपूर्ण प्रकरणात सगळ्यात स्वस्त उपाय आहे. माझं मत विचाराल तर अशा संध्याकाळी काठावरच्या दगडांनी फोटोचं भलं क्वचितच होतं. पोस्टकार्डांमुळे आपल्याला ते हवेसे वाटतात, इतकंच.

आरशासाठी मात्र सकाळ गाठावी. या उंचीवर ऊन तापलं की वारा सुटतो आणि पाण्याचा आरसा फुटतो. स्पीतीकडच्या चंद्रतालला तंबू तळ्यापासून बरेच लांब असतात, त्यामुळे अंधारात चालत निघावं लागतं. उजाडल्यावर निघालात तर हलतं पाणी मिळेल.

मीटरच्या ज्या युक्त्या वर चालत नाहीत

सह्याद्रीत शिकलेली एक युक्ती: दृश्य अवघड असेल तर सूर्यापासून दूरचं निळं आभाळ मोजा, ते मधल्या टोनचं असतं. लोणावळ्याला हिवाळ्यात हे बऱ्यापैकी खरं आहे. ४,५०० मीटरवर डोक्यावरची हवा समुद्रसपाटीच्या मानानं सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के उरते, प्रकाश विखुरणारं माध्यमच कमी, म्हणून आभाळ गडद. ते मोजून एक्स्पोजर दिलं की मीटर त्या गडद निळ्याला मधला टोन करायला जातं आणि बाकी सगळं फिकं पडतं. पँगाँगच्या पुष्कळ धुतल्यासारख्या स्लाइड्सचं मूळ इथे सापडतं.

दुसरी युक्ती तळहाताची. हात मोजा, एक स्टॉप वाढवा. युक्ती चांगली आहे, फक्त हात आणि विषय एकाच उजेडात हवेत. तुम्ही सावलीत आणि शिखर उन्हात असेल तर हात काहीही सांगत नाही.

बर्फाचं सगळ्यांना ठाऊक असतं: मीटर म्हणेल त्यापेक्षा वाढवा. पण किती, यावर गाडी अडते. निगेटिव्हवर दोन स्टॉप बिनधास्त द्यावेत. व्हेल्वियावर उन्हातल्या बर्फाला दीडवर थांबलेलं बरं. दोनला सावल्यांचा पोत टिकतो, उन्हातला पोत जाण्याच्या बेतात येतो. स्लाइडचा नियम निगेटिव्हच्या उलट आहे: उजळ भाग वाचवा, सावली पडेल तिथे पडू द्या. डिजिटलवर वाढलेल्यांना हे पटकन समजतं, कलर निगेटिव्हवर वाढलेल्यांना जड जातं.

निळं आणि काळं

सावलीतल्या निळ्या रंगात फिल्मची चूक नाही. स्लाइड फिल्म सुमारे ५,५०० केल्व्हिनच्या उजेडासाठी बनवलेली आहे (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा). डोंगराच्या सावलीत ऊन येत नाही, फक्त निळ्या आभाळाचा उजेड येतो, आणि तो ८,००० ते १०,००० केल्व्हिन किंवा त्याहूनही वर असतो. डोळा जुळवून घेतो, फिल्म घेत नाही. यूव्ही फिल्टर लावून हे जाईल अशी आशा दुकानदार दाखवतात. यूव्ही फिल्टर अतिनील किरण अडवतो, दिसणारा निळा उजेड नाही. हवा तो ८१बी, किंचित पिवळसर-तपकिरी, एक तृतीयांश स्टॉप खाणारा.

पण तो कधी लावायचा? सगळं दृश्य सावलीत किंवा ढगाखाली असेल तेव्हा. कोरझोकच्या संध्याकाळी, जिथे शिखर आधीच पिवळंधमक आहे, ८१बी लावला तर काठ ठीक होतो आणि शिखर संत्र्याच्या सालीसारखं दिसतं. मिश्र उजेडात फिल्टर खिशातच ठेवा. बर्फावरच्या सावल्या निळ्या असतात, त्यांना निळं राहू द्यावं.

काळ्या आभाळाला दोन गोष्टी मिळून जबाबदार असतात: उंची आणि पोलरायझर (चमक कापणारा, फिरवता येणारा फिल्टर). पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त. पुण्यात त्यानं फिकं आभाळ निळं होतं, लडाखात मुळातच गडद आभाळ शाईसारखं होतं, आणि व्हेल्विया त्यात स्वतःची भर घालतो. २४ मिलिमीटर किंवा त्याहून वाइड भिंगावर आभाळाचा एवढा मोठा पट्टा फ्रेममध्ये येतो की एक कोपरा काळा आणि दुसरा फिका दिसतो. पोलरायझर पूर्ण फिरवू नका, अर्ध्यावर थांबा. किंवा काढूनच टाका. संध्याकाळी कोरझोकहून पूर्वेला पाहताना सूर्य जवळजवळ पाठीशी असतो, तेव्हा आभाळावर त्याचा परिणामही होत नाही, तो फक्त दीड-दोन स्टॉप खातो.

पाण्यासाठी तो दुधारी आहे. पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन असेल तिथली चमक तो जवळपास पुसून टाकतो, म्हणून काठाजवळचा तळ आणि तळ्याचा हिरवा-निळा रंग खुलतो. ज्याला प्रतिबिंब हवं आहे त्याचं प्रतिबिंबही त्याच हातानं पुसलं जातं. रंग हवा की आरसा, हे फिल्टर फिरवण्याआधी ठरवा.

पहाटेची हिरवी झाक

पहाटे आयएसओ ५०, एफ/१६, वर ग्रॅड आणि पोलरायझर, म्हणजे चार ते सोळा सेकंदांची वेळ सहज येते. व्हेल्विया ५० एका सेकंदापर्यंत सरळ वागतो. त्यापुढे तो मंदावतो आणि हिरवटतो. फुजीच्याच तक्त्यात ४ सेकंदांना एक तृतीयांश स्टॉप जास्त आणि ५एम मॅजेंटा फिल्टर (एम म्हणजे मॅजेंटा, आकडा त्याच्या गडदपणाचा), १६ सेकंदांना दोन तृतीयांश आणि १०एम, ३२ सेकंदांना पूर्ण एक स्टॉप आणि १२.५एम असं दिलंय. ६४ सेकंद देऊच नका म्हणतात. पहाटेच्या थंडीत मॅजेंटाचे जिलेटिन फिल्टर हाताळणं म्हणजे छळ. यावर साधा उपाय: पहाटेसाठी फुजीचाच प्रोव्हिया १००एफ. तो १२८ सेकंदांपर्यंत काहीही दुरुस्ती मागत नाही, आणि एक स्टॉप वेगवानही आहे. व्हेल्विया ऊन आल्यावर भरा. दोन बॉडी असतील तर प्रश्नच मिटला. कोडॅकचा ई१०० (एक्टाक्रोम) हाही चांगला पर्याय. एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद झाला होता, २०१८ मध्ये परत आला. त्याचे रंग व्हेल्वियापेक्षा शांत आहेत.

थंडीबद्दल थोडंसं. बॅटरी गारठली की मीटर झोपतं. सुटे सेल आतल्या खिशात ठेवा. कोरड्या गार हवेत रोल झपाट्यानं गुंडाळला तर स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात, तेव्हा हात सावकाश. फ्रिजमधला रोल मुंबईच्या पावसाळी हवेत लगेच उघडू नका, डबीतच तासभर राहू द्या.

विमानात रोल कधीही चेक-इन सामानात टाकू नका, तिथलं यंत्र जोरदार असतं. हातातल्या सामानासाठी आता काही विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत आणि ते फिल्मला वाईट. पारदर्शक पिशवीत सगळे रोल घालून हातानं तपासायची विनंती करा. रांगेत पुढे असाल आणि आवाज नम्र असेल तर बरेचदा ऐकतात.

आणि हे सगळं करूनही तफावत सहा-सात स्टॉप निघाली, ग्रॅड जवळ नाही किंवा सावलीची कड वेडीवाकडी आहे, तर स्लाइड काढू नका. अशा वेळेसाठी बॅगेत एक कलर निगेटिव्हचा रोल असू द्या, कोडॅकचा पोर्ट्रा किंवा एक्टार. सावली मोजून एक्स्पोजर द्या, बर्फ तो सांभाळून घेतो. पोर्ट्रा जरा जास्तच.